विषय मंजूर करून घेण्याआधी आकडे हातात घ्या

‘खाणबंदी आणि गोव्यातल्या पतसंस्थांची थकबाकी’ हा पीएचडीचा विषय पुढच्या महिन्यात समितीपुढे ठेवताय आणि आकड्यांचं एका कार्यालयाशी ‘तोंडी ठरलंय’, असं तुम्ही लिहिलंय. ते ‘तोंडी’ वाचून पोटात गोळा आला. माझाही विषय जवळपास हाच होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, डिचोलीत आमच्या वाड्यावर ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले. विषय शोधावाच लागला नाही.

घोडचूक एकच केली. शीर्षकात ‘कर्जदारनिहाय’ हा शब्द घातला. एका सरकारी कार्यालयातले साहेब ‘दितां हां, यो तूं’ म्हणाले होते, त्या भरवशावर. मंजुरीनंतर गेलो तर ‘चवथ (म्हणजे गणेशचतुर्थी) जाऊं दी’. चवथ गेली, मग ‘फायल वयर धाडल्या’. वर म्हणजे पहिला मजला. तिथे विचारलं की ती खाली. चौदा महिन्यांनी कळलं की माझ्या अर्जावर आवक क्रमांकच पडला नव्हता. म्हणजे कागदोपत्री मी तिथे कधी गेलोच नव्हतो! (कुठेही अर्ज द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.)

माहिती अधिकार वापरू म्हणाल, तर २०१३ च्या थलप्पलम निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्था सरसकट ‘सार्वजनिक प्राधिकरण’ (म्हणजे ज्यांना हा कायदा लागू होतो त्या) ठरत नाहीत असं सांगितलंय. सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे असलेली माहिती मागता येते, पण कर्जदाराचं खातं खासगी म्हणून अडतंच. मी वकील नाही, खात्री करून घ्या.

शेवटी शीर्षक बदललं. सभासद असलेल्या काका-मावश्यांच्या कपाटांतून वार्षिक सभांचे छापील अहवाल गोळा केले आणि संस्थानिहाय एकूण आकड्यांवर काम उरकलं. काही अहवालांना वाळवी लागलेली. एका ताळेबंदातला नेमका थकबाकीचाच रकाना खाल्लेला.

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या जिल्हावार आकड्यांचा मोहही नको. माझ्या वेळी गोव्यात जिल्हे दोन. दोन बिंदूंवर कसलं रिग्रेशन (आकड्यांमधला संबंध मोजणं) करणार? आणि ‘गुंतवणूकदारांची जागरूकता’ छापाची प्रश्नावली तर कृपा करून नको. मित्रांकडून भरून घेतलेले चारशे फॉर्म म्हणजे संशोधन नव्हे. हे माझं मत, तुमच्या मार्गदर्शकांना पटेलच असं नाही.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत कमाल मुदत सहा वर्षांची आहे, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. त्यातले चौदा महिने जिन्यात घालवू नका. तुमचं ज्यांच्याशी ‘तोंडी ठरलंय’ त्या साहेबांकडे उद्याच एका संस्थेचे तीन वर्षांचे आकडे मागा, नमुना म्हणून. चवथीनंतर बघू म्हणाले, तर समितीपुढे जाण्याआधीच विषय बदला.