तारीख कोणाच्या तोंडून आली?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

हिंजवडीत चार वर्षं कोडिंग झालं, आता प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचं तर पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट करू की स्क्रमचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीचा, कोर्स, असं तू विचारलंयस. सर्टिफिकेटचं नंतर बघू. मला खटकलं ते तुझं शेवटचं वाक्य: ‘क्लायंटला 30 तारीख सांगून झालीय, आता टीमला कसं पटवू?’ टीमला विचारायच्या आधी तारीख बाहेर गेलीच कशी?

तारीख काम करणाऱ्याच्या तोंडून यायला हवी. बाकी सगळं मागाहून.

मी एमबीए करून या कामात आलो नाही. डिप्लोमा झाला, भोसरी एमआयडीसीत टूलरूम, मग चाकण, सॉफ्टवेअर त्यानंतर. टूलरूममध्ये असताना एका डायचा, म्हणजे धातूच्या साच्याचा, प्लॅन हेड ऑफिसातून आला, रंगीत पट्ट्यांचा, देखणा. आमच्या टूलमेकरने चिंधीला हात पुसले, एका पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘साहेब, हीट ट्रीटमेंट गुरुवारी धरलीय. डाय तापवून कडक करून देणारा तो कारखाना गुरुवारी बंद असतो.’ पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कित्येक कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. प्लॅन करणारा हुशार होता, त्याने फक्त विचारलं नव्हतं. तुझ्या प्रोजेक्टमध्येही असे गुरुवार दडलेले आहेत: टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस, क्लायंटकडची एखादी मंजुरी. ते काम करणाऱ्यालाच माहीत असतात.

हे माझं खूळ आहे असं समजू नकोस. 1958 साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही कामाच्या वेळेचा अंदाज बांधायची पद्धत बसवली, तेव्हाही अंदाज मागितले ते काम जाणणाऱ्यांकडेच, आणि एक नव्हे, तीन: लवकरात लवकर, बहुधा, उशिरात उशिरा. मधल्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करून सहाने भागायचं. कुणी 4, 6 आणि 14 दिवस म्हणालं तर उत्तर येतं 7. पण मला त्या सातापेक्षा चौदाचं मोल जास्त. ‘चौदा का?’ असं विचार आणि गप्प बस. समोरचा बोलायला लागतो.

‘किती टक्के झालं?’ हे तर कधीच विचारू नकोस. नव्वद टक्के झालेलं काम तीन-तीन आठवडे नव्वदवरच बसतं. काय उरलंय ते विचार, आणि जागेवर जाऊन विचार, ग्रुपवर नको.

याची किंमत मी मोजली आहे. एका कंपनीत वरिष्ठांनी तारीख कापून दिली. टीमने न दिलेली तारीख माझ्या नावाने मेलमध्ये लिहायला मी नकार दिला. त्या वर्षीचं प्रमोशन दुसऱ्याला गेलं. त्याची हळहळ आजही आहे, खोटं कशाला बोलू? पण ते काम संपलं टीमने सांगितलेल्या महिन्यातच. मला हेकट म्हणणाऱ्यांनी तेवढं तरी लक्षात ठेवायला हवं होतं.

क्लायंटला घाई असणारच, त्यात त्याचं काही चूक नाही. त्याने दिलेली तारीख ही त्याची गरज आहे. त्या तारखेत काय बसतं हे टीम ठरवेल, आणि जे बसत नाही ते तू त्याला तोंडावर सांगायचं. जमणार नसेल तर कोडिंगच कर, त्यातही मान आहे.

पीएमपी खुशाल कर. अर्जासाठी 35 तासांचं प्रशिक्षण लागतं, ते शनिवार-रविवारी होईल. पण सोमवारच्या कॉलआधी तुमच्या टेस्टिंगवाल्या मुलीशेजारी खुर्ची ओढून बस. तुझ्या अख्ख्या पत्रात तिने किती दिवस सांगितले ते कुठेच नाही.

तुझा,
सर