माइनक्राफ्ट सर्व्हरवर १२ जण आले की लॅग येतो. सर्व्हर सॉफ्टवेअर पेपर आहे, रॅम ८ जीबी. १६ घेऊ का?

नको. 'लॅग आला की रॅम वाढवा' म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. होस्टिंगवाले रॅमवर पैसे लावतात, म्हणून सगळ्यांना रॅमच दिसते.

सर्व्हरला सेकंदाला २० टिक (खेळ एक पाऊल पुढे नेणाऱ्या फेऱ्या) पूर्ण करायचे असतात, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. मॉब (खेळातले प्राणी-राक्षस), हॉपर (वस्तू ओढून घेणारा ब्लॉक), रेडस्टोन (खेळातली वीज) हे सगळं मुख्यतः एकाच थ्रेडवर चालतं. म्हणून १६ मंद कोरपेक्षा ४ वेगवान कोर बरे. रॅम अपुरी असली तर खेळ अधूनमधून गोठतो आणि पुन्हा सुरळीत चालतो. सहसा सतत रेंगाळत नाही.

सगळे ऑनलाइन असताना स्पार्क या साधनाचा प्रोफायलर (कशाला किती वेळ जातो ते दाखवणारा) पाच-दहा मिनिटं चालवा. टीपीएस (सेकंदाला होणारे टिक) २० आहे आणि तरी फोडलेला ब्लॉक परत येतोय? मग तो पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ. सर्व्हर जर्मनीत आणि मंडळी पुण्या-नाशकात असतील तर कुठलीही सेटिंग उपयोगाची नाही, मुंबईतला सर्व्हर घ्या.

टीपीएस पडत असेल तर सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवती किती दूरपर्यंत खेळ हलता राहतो) १० वरून ५ करा. प्रत्येक खेळाडूभोवतीचे ४४१ चंक (१६ × १६ ब्लॉकचे तुकडे) १२१ वर येतात. व्ह्यू डिस्टन्स (किती दूरचं दिसतं) ८ राहू द्या. इथे बहुतेक जण थांबतात आणि मग 'मॉब येईनात' म्हणून ओरडतात. मॉब स्पॉन रेंज (किती चंकांपर्यंत नवे मॉब येतात) मुळात ८ असते, ती ४ करा. हार्ड डिस्पॉन रेंज, म्हणजे ज्यापलीकडचे मॉब लगेच नाहीसे होतात ते अंतर, ७२ ब्लॉक ठेवा (४ × १६ + ८). नाहीतर दूरचे, गोठलेले मॉब कॅप (मॉबच्या संख्येची मर्यादा) अडवून बसतात.

मग गावकरी. ट्रेडिंग हॉलमध्ये शंभर कोंबले की त्यांचं वाट शोधणंच टिक खातं. उघड्या हॉपरवर कंपोस्टर ठेवा, म्हणजे तो वर पडलेल्या वस्तू शोधत बसणार नाही. एलिट्रा पंखांनी उडणारे नवे चंक उघडत सुटतात, त्यांच्यासाठी वर्ल्ड बॉर्डर घालून चंकी प्लगइनने रात्रीतून नकाशा आधीच तयार करून ठेवा.

वस्तू पुसणारे 'लॅग क्लिअर' प्लगइन मात्र काढून टाका. पडलेली वस्तू ५ मिनिटांनी आपोआप जाते. प्लगइनमुळे फक्त मेलेल्याचे हिरे जातात.

हां, मोठा मॉडपॅक असेल तर रॅम खरंच लागते. आणि पेपरवर टीएनटी डुप्लिकेट करणारी यंत्रं मुळात बंद असतात. ती हवीच असतील तर पेपरऐवजी फॅब्रिक (मॉड चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या आणि त्यावर लिथियम हा सर्व्हर हलका करणारा मॉड टाका. पण मग वरची स्पॉन आणि डिस्पॉनची सेटिंग तिथे मिळणार नाही.