शेवटच्या मोसमावर लिहिताना

प्रिय मित्रा,

तुझा मसुदा वाचला. विराट कोहलीचा शेवटचा कसोटी मोसम हा विषय छान निवडलास, पण सुरुवात सरासरीने केलीस ती आधी खोड. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ९ डावांत १९० धावा, सरासरी २३.७५. त्यातल्या १०० पर्थच्या एकाच नाबाद डावातल्या. उरलेल्या आठ डावांत ९०! सरासरीत हे बुडून जातं.

म्हणून बाद होण्याची नोंद कर. वहीत रकाने आख: गोलंदाज, टप्पा, दिशा, पुढचा पाय कुठे पडला, हात अंगापासून किती लांब गेले. सोडलेले चेंडूही मोज, पहिल्या तीस चेंडूंतले तरी. आठही वेळा तो कीपरकडे किंवा स्लिपमध्ये झेल देऊन बाद झाला, त्यात चारदा ऑस्ट्रेलियाच्या वेगवान बोलंडला. उजव्या यष्टीबाहेरचा चेंडू खेळायचा की सोडायचा, हा निर्णय चुकत होता.

पुण्याजवळच्या आपल्या गहुंज्याची ऑक्टोबर २०२४ ची कसोटी मात्र याच खात्यात टाकू नकोस. तिथे न्यूझीलंडच्या सँटनरच्या फिरकीवर पहिल्या डावात आडव्या बॅटने फुलटॉस हुकला आणि तो १ धावेवर त्रिफळाचीत झाला. दुसऱ्या डावात १७ वर पायचीत. हा वेगळा दोष आहे. दोन्ही एकत्र केलेस की ‘वय झालं’ एवढंच हाती उरतं.

आणि ते खरं आहे का, हेही तपास. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात, पंचविशीत, त्याने १० डावांत १३४ धावा केल्या आणि वेगवान गोलंदाज अँडरसनने त्याला चारदा बाद केलं, यष्टीबाहेरच्याच माऱ्यावर. २०१८ मध्ये तिथेच ५९३ धावा. म्हणजे दोष जुनाच, एकदा दुरुस्त झालेला. तो परत का आला, हा तुझ्या लेखाचा खरा प्रश्न. त्यासाठी तिन्ही दौऱ्यांच्या चित्रफिती शेजारी लावून पाहा. उभं राहण्याची जागा आणि पुढच्या पायाची लांबी आधी जुळव.

अजून एक. निवृत्ती १२ मे २०२५ ला जाहीर झाली. गहुंज्यात बसलेल्यांना ती त्याची मायदेशातली शेवटून दुसरी कसोटी आहे हे ठाऊक नव्हतं. ‘तेव्हाच चाहूल लागली होती’ हे वाक्य काढून टाक. शिवाय निवृत्ती फक्त कसोटीतून होती, एकदिवसीय क्रिकेट चालूच राहिलं. शीर्षकात ते स्पष्ट लिही.

२०१४ चा तक्ता आधी पूर्ण करून पाठव. त्यावर बोलू, मग बाकीचं लिही.

तुझा,
एक ज्येष्ठ स्नेही