खाणीच्या जागेवर प्राणी शोधायची नोकरी

प्रश्न: मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. खाण सुरू व्हायच्या आधी तिथं कोणते प्राणी राहतात ते तपासायचं काम करायचंय म्हणते. मी यंत्रमागावर, तिची आई विड्या वळते. ही नोकरी आहे का? की खाणवाल्यांची चाकरी? त्यापेक्षा बी.एड. बरं नाही का? – एक पालक, विडी घरकुल, सोलापूर

नमस्कार.

नोकरी आहे, आणि तिचा पैसा खाणवाल्याकडूनच येतो. तुमची शंका बरोबर जागी बोट ठेवते. २००६च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार खाणीला आधी पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठीचा अहवाल करायला सल्लागार संस्था नेमतो तो खाणवालाच. खाणीची जागा आणि भोवतालचा साधारण दहा किलोमीटरचा पट्टा पायी पालथा घालायचा, ठसे, विष्ठा, बिळं, घरटी नोंदवायची, कॅमेरे लावायचे, गावकऱ्यांशी बोलायचं, असं हे काम. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या यादीतला प्राणी सापडला, तर त्याच्या संवर्धनाचा आराखडा द्यावा लागतो. म्हणजे खर्च. म्हणून तो 'न सापडलेला' बरा, असं वाटणारे लोक या धंद्यात भेटतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात तर रशियातल्या खाणीचा मजकूर उतरवलेला निघाला होता. तुमच्या मुलीला असल्या कागदावर सही करायची नाही, हे तिनं आत्ताच ठरवावं. नोकरी बदलायची वेळ आली तरी.

आता महत्त्वाचं. चंद्रपूरच्या कोळशापर्यंत जायच्या आधी तिनं सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ शिकावा. सातबाऱ्यावर ज्याला आपण पडीक, पोटखराब म्हणतो, तिथं काळवीट चरतं, खोकड बीळ करतं, ओढ्याच्या काठाला लांडगीण पिल्लं घालते. लांडगा आणि माळढोक पक्षी दोघंही पहिल्या अनुसूचीत आहेत. माळढोकासाठीच १९७९ मध्ये इथं अभयारण्य झालं, आणि आज तो तिथंही क्वचितच दिसतो. झाडं नाहीत म्हणजे जंगल नाही, जंगल नाही म्हणजे प्राणी नाहीत, ही समजूत अहवालांतही शिरते.

त्यात ऋतूचा घोळ. खाणीच्या अहवालाला बहुधा पावसाळा सोडून एकाच ऋतूतली पाहणी चालते. पण माळ जागा होतो तो पावसानंतर. गवत वाढतं, चंडोल घरटी करतात, माळढोकाची वीणही त्याच दिवसांत. मे महिन्यात गेलेल्याला धुळीशिवाय काय दिसणार? ज्यानं बारा महिने माळ पाहिलाय, तोच 'ही पाहणी अपुरी आहे' असं ठामपणे लिहू शकतो. आणि हो, धनगरांशी बोलायला शिकू द्या. लांडगा कुठून येतो-जातो हे त्यांना पाठ असतं, कारण मेंढरं त्यांची जातात.

शिक्षणाचं म्हणाल, तर पदव्युत्तर पदवी हवीच. घराजवळ राहायचं असेल तर सोलापूर विद्यापीठात पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. आहे. झेप घ्यायची असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस). तिथं चुरस फार, प्रवेशपरीक्षेची तयारी आत्तापासून लागेल. नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, ते सुट्टीत शिकता येतं. सुरुवातीचा पगार बेताचाच, महिन्यातले कित्येक दिवस बाहेरगावी. अधिकृत सल्लागार संस्थेत जीवविविधतेची तज्ज्ञ म्हणून नाव लागायला पदवीवर काही वर्षांचा अनुभव लागतो.

बी.एड. पुढंही करता येईल, ते कुठं पळून जात नाही.

मुलगी माळावर एकटी फिरणार, ही काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. ही पाहणी शक्यतो जोडीनं करतात. सुरुवात तुमच्यापासून करा. सुट्टीच्या दिवशी पहाटे तिच्याबरोबर नान्नजला जा, पाण्याची बाटली आणि वही घेऊन. अभयारण्यात शिरायच्या आधी वनखात्याच्या लोकांना विचारा, ते वाट दाखवतात. जे दिसेल ते तारीख-वेळ घालून लिहायचं. काही दिसलं नाही, तर तेही लिहायचं. दिवाळीपर्यंत वही भरली, की ती घेऊन दोघं मला भेटा.