पार्किन्सन असताना मळमळीसाठी "गॅसची गोळी": आधी स्ट्रिपमागचं नाव वाचा

ताई, बाबांची दुपारची लेव्होडोपा (पार्किन्सनची नेहमीची गोळी) लागू पडत नाही, मळमळीसाठी गॅसची गोळी सुरू केल्यापासून चाल जास्त अडखळते, आणि कुणी तरी महागडं प्रोबायोटिक (पोटासाठी चांगल्या जंतूंची पावडर) सुचवलंय, हे वाचून राहवलं नाही. सासूबाईंचं आम्ही अगदी हेच भोगलंय. मी डॉक्टर नाही, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

आधी त्या गॅसच्या गोळीच्या स्ट्रिपमागे बघा. ॲसिडिटीच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड आहे का? ते किंवा मेटोक्लोप्रामाइड असेल तर आजच न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. दोन्ही औषधं डोपामिनचं, म्हणजे हालचालींसाठी लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचं, काम अडवतात, म्हणजे पार्किन्सनमध्ये आधीच जे कमी आहे त्यालाच. चक्कर येते म्हणून सर्रास देतात त्या प्रोक्लोरपेराझिनचंही तेच.

सासूबाईंना एका रात्री उलट्या झाल्या म्हणून कॅज्युअल्टीत नेलं. पार्किन्सन आहे हे सांगितलं, फाइल दाखवली, तरी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं. सकाळी अंग ताठ, घोट गिळता येईना. वॉर्डात उत्तर काय, तर "वय झालं, आजार वाढलाय". त्यात लेव्होडोपाही त्यांच्या राउंडच्या वेळेला, जेवणाच्या ताटाबरोबर. लेखी तक्रार केली, त्याचं उत्तर आजतागायत नाही. आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी नंतर समजावलं: रक्तातलं काय मेंदूत जाऊ द्यायचं हे ब्लड-ब्रेन बॅरिअर ठरवतो. मेटोक्लोप्रामाइड तो ओलांडतं, डॉम्पेरिडोन फारसं ओलांडत नाही. उलटीची सूचना देणारा मेंदूचा छोटा भाग मात्र या बॅरिअरच्या बाहेर आहे, म्हणून डॉम्पेरिडोनने उलटी थांबते आणि हातपाय ताठत नाहीत. पण त्याने हृदयाची लय बिघडू शकते, तेव्हा तेही मनाने सुरू करू नका, ईसीजीचं विचारा.

आता दुपारची गोळी. डोपामिन स्वतः बॅरिअर ओलांडू शकत नाही, म्हणून मेंदूत जाऊन डोपामिन बनणारी लेव्होडोपा देतात. ती आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते ती प्रथिनांतल्या अमिनो आम्लांच्याच वाहकांवरून. वरण, पनीर, अंडं खाऊन लगेच गोळी घेतली तर दोन्ही दारांत गर्दी. आमच्याकडे जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी दिल्यावर फरक दिसला. रिकाम्या पोटी मळमळ वाढली तर दोन साधी बिस्किटं चालतात, दूध नको. प्रथिनं बंद मात्र करू नका, माणूस खंगतो. बद्धकोष्ठही अंगावर काढू नका. पचनच मंदावलेलं असलं की गोळी पोटात पडून राहते आणि असर उशिरा होतो.

प्रोबायोटिकबद्दल माझं मत कडक आहे. "आतड्यात सेरोटोनिन (मूडशी जोडलेलं रसायन) वाढतं, ते मेंदूला मिळतं" असं सांगून विकतात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं हे खरं, पण तेही बॅरिअर ओलांडत नाही. पोट आणि मेंदूचा संवाद व्हेगस नर्व्हमधून (मेंदू आणि पोट जोडणारी नस), हार्मोन्समधून, प्रतिकारशक्तीच्या रसायनांमधून चालतो. २०१४ साली जंतुविरहित उंदरांमध्ये हा बॅरिअर जास्त झिरपणारा आढळला आणि आतड्यात जंतू सोडल्यावर सुधारला. पण ते उंदीर होते, त्यावरून बाबांसाठी हजारोंची पावडर घेऊ नका. खाजकुइलीचं चूर्णही परस्पर देऊ नका, त्यात लेव्होडोपाच असते, डोस कळत नाही.

लेव्होडोपा अचानक बंद करू नका, ते धोक्याचं आहे. आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा: "पार्किन्सन. मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइड, प्रोक्लोरपेराझिन देऊ नये." सही न्यूरॉलॉजिस्टची घ्या, नातेवाइकाचं तोंडी सांगणं रात्री कुणी ऐकत नाही.