‘अगणित’ प्रश्न की ‘असंगणनीय’?

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारलंय: मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर ‘काही प्रश्न अगणित असतात, ते संगणकाला सुटत नाहीत’ असं लिहिलं. बाईंनी ‘अगणित’खाली लाल रेघ मारली. बरोबर कोण?

बाईच. ‘अगणित’ म्हणजे मोजवणार नाहीत इतके पुष्कळ. सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या पुलावर अगणित माणसं असतात. त्यामुळे ‘अगणित प्रश्न’ वाचून ‘ढीगभर प्रश्न’ एवढाच बोध होतो. (त्याच ‘गण्’ धातूतून ‘नगण्य’ही आला, आणि त्याचा अर्थ मात्र मोजायच्याही लायकीचं नाही!)

मुलीला म्हणायचंय ते रीत नसण्याबद्दल. ‘उत्तर बरोबर, पण रीत कुठाय?’ म्हणत मास्तर मार्क कापायचे, तीच रीत. ती म्हणजे नेमकं काय, हे १९३६ साली इंग्लंडच्या ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने एका काल्पनिक यंत्राने बांधून दिलं: चौकोन आखलेली फीत आणि मोजके ठरलेले नियम, बस्स. (त्याच्या त्या लेखात ‘कॉम्प्युटर’ म्हणजे आकडेमोड करणारा माणूस.) व्याख्या पक्की झाली म्हणूनच कोणत्या प्रश्नाला रीत नाही, हेही सिद्ध करता आलं. कोणताही प्रोग्राम थांबेल की चालतच राहील, हे ओळखणारी सरसकट रीत असूच शकत नाही.

आता गंमत बघा. सगळी ० असलेल्या फितीवर सुरू होणारी, फक्त ० आणि १ लिहिणारी, चार अवस्थांची ट्युरिंग यंत्रं घ्या (अवस्था म्हणजे पुढचा नियम कोणता, हे ठरवणारी यंत्राची स्थिती). त्यातलं थांबणारं यंत्र जास्तीत जास्त १०७ पावलं चालतं. पाच अवस्थांचं उत्तर ४,७१,७६,८७०. ते सिद्ध व्हायला २०२४ उजाडलं. दोन्ही आकडे सांत, नीट मोजलेले. पण ‘कितीही अवस्था द्या, उत्तर काढतो’ अशी रीत नाही. गणती आहे, संगणन नाही.

म्हणून ‘सं’ गाळू नये. गणनीय म्हणजे ओळीने क्रमांक देता येतील असं. संगणनीय म्हणजे रीतीने काढता येईल असं. π संगणनीय आहे. अशा सगळ्या संख्या मिळून गणनीयच ठरतात, कारण प्रत्येक नियमावलीला क्रमांक देता येतो. वास्तव संख्या (संख्यारेषेवरच्या सगळ्या संख्या) मात्र तशा ओळीत बसत नाहीत, हे गणितज्ञ कँटरने आधीच दाखवलं होतं. म्हणजे बहुतेक संख्यांना रीतच नाही!

तक्त्यावर ‘असंगणनीय’ लिहावं. जड वाटलं तर ‘काही प्रश्नांना सरसकट रीतच नसते’. फक्त ‘अजून सुटलेले नाहीत’ असं नको. त्यातला ‘अजून’ चूक आहे.