‘रेग्युलेटरी ॲसेट’ला ‘नियामक मालमत्ता’ म्हणावे का?

प्रश्न असा: अमेरिकेतील आंतरराज्य वायुवाहिनी कंपन्यांच्या ताळेबंदात ‘रेग्युलेटरी ॲसेट’ दिसते. तिला ‘नियामक मालमत्ता’ म्हटलेले चालेल का?

माझ्या मते नाही. ‘नियामक’ कर्तृवाचक आहे. नियामक मंडळ म्हणजे नियमन करणारे मंडळ. त्या चालीने हा शब्द नियमन करणारी मालमत्ता सुचवतो, घाईत तर चक्क नियामकाची मालमत्ता. शिवाय मालमत्ता म्हटले की जमीन, नळ, कॉम्प्रेसर डोळ्यांपुढे येतात. इथे असतो तो होऊन गेलेला खर्च. एरवी तो त्याच वर्षी नफ्यातून वजा झाला असता; पण संघीय ऊर्जा नियामक आयोग तो पुढील वर्षांच्या वाहतूक-दरांत धरू देईल, अशी दाट शक्यता असल्याने तो ताळेबंदात राखला जातो. नियमन नसते तर ही नोंदच जन्मली नसती. म्हणून ‘नियमनजन्य मत्ता’ म्हणावे.

समजा, १ कोटी २० लाख डॉलरचा खर्च ५ वर्षांत समान हप्त्यांनी वसूल करायचा आहे. ती रक्कम आयोगाच्या ठरवून दिलेल्या खातेपद्धतीतील खाते १८२.३ ला, म्हणजे या मत्तेच्या खात्याला, नावे आणि मूळ खर्चखात्याला जमा होते. पुढे वसुलीबरोबर दरवर्षी २४ लाख त्याच खर्चखात्याला नावे आणि १८२.३ ला जमा. गफलत होते ती इथेच: ४०७.३ (नियमनजन्य नावे) आणि ४०७.४ (नियमनजन्य जमा) ही खाती सरसकट वापरली जातात. मत्तेचा नेमका उगम दाखवता येत नाही, उदाहरणार्थ दर टप्प्याटप्प्याने वाढवण्याच्या योजनेत, तिथेच ही जोडी वापरायची.

याच न्यायाने खाते २५४ ला, म्हणजे ग्राहकांना पुढे दरांतून परत द्यायच्या रकमांच्या खात्याला, ‘नियमनजन्य दायित्व’ म्हणावे. १ जानेवारी २०१८ पासून कंपनीकर ३५ वरून २१ टक्क्यांवर आला, तेव्हा ३५ टक्क्यांच्या हिशेबाने ग्राहकांकडून आधीच घेतलेल्या लांबणीवरच्या करातला (सरकारला पुढे भरायच्या करातला) जादा भाग नफ्यात न घेता तिथे नोंदवावा लागला.

वर ‘दाट शक्यता’ म्हटले, त्या मूळ नियमातल्या ‘प्रोबेबल’ला मात्र ‘संभाव्य’ लिहू नका. ‘संभाव्य’मध्ये नुसती शक्यताही बसते, आणि तेवढ्यावर १८२.३ मध्ये नोंद करता येत नाही. आयोगाचे पूर्वीचे आदेश, तशाच खर्चांना मिळालेली वागणूक असा आधार लागतो. पुढे वसुली नाकारली गेली, तर नाकारलेली रक्कम त्याच वर्षी खाते ४२६.५ (इतर वजावटी) किंवा, असाधारण बाब असल्यास, ४३५ (असाधारण वजावटी) ला नावे टाकावी लागते.